आमची वाटचाल: एका डाल्टनचा फरक

2007 साली भोसरीत भाड्याच्या गाळ्यात पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, बनवायला लागलो. त्या आपोआप जोडणारं यंत्र, सिंथेसायझर, परवडत नव्हतं. काचेची दोन व्हेसल, एक शेकर आणि कुणीतरी काढून टाकलेली एचपीएलसी (शुद्धता तपासणारं यंत्र), एवढ्यावर काम. प्रत्येक कपलिंगनंतर, म्हणजे नवं अमिनो आम्ल जोडल्यावर, साखळी ज्यावर वाढते त्या रेझिनचे चार मणी काढून कायझर टेस्ट. मणी निळे झाले म्हणजे जोडणी अपुरी, की पुन्हा कपलिंग. आज मशीन आलंय, तरी अवघड जागी मणी बघितल्याशिवाय मी पुढचं अमिनो आम्ल घालू देत नाही.

कर्करोगाच्या गाठीचा रक्तपुरवठा तोडला तर तिची वाढ थांबेल, हे अमेरिकन संशोधक जुडा फोकमन यांनी 1971 मध्ये मांडलं. 1998 मध्ये गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्यांना चिकटणारा एनजीआर (अॅस्परजिन, ग्लायसिन, आर्जिनिन ही तीन अमिनो आम्लं) हा क्रम पुढे आला आणि आम्ही सुरू केल्यावर आमच्याकडे त्याच्याच ऑर्डरी येऊ लागल्या. दोन टोकांच्या सिस्टिन या अमिनो आम्लांनी बांधलेलं, त्यांच्यासकट पाच अमिनो आम्लांचं कडं. दिसायला सोपं, पण अॅस्परजिनच्या पुढे ग्लायसिन आलं की ते मोठं नाजूक होतं.

2011 मध्ये एका संस्थेने आमची बॅच परत केली. वस्तुमान एका डाल्टनने (साधारण एका हायड्रोजन अणूएवढं) जास्त, म्हणे माल भेसळीचा! बिल अडवलं. एका स्पर्धकाने तर गावभर सांगितलं, 'त्यांच्याकडून घेऊ नका.' चार महिन्यांत ऑर्डरी आटल्या, पगारासाठी पत्नीचे दागिने गहाण पडले. ते मी विसरलेलो नाही.

तेव्हा पाठीशी उभ्या राहिल्या मुंबईच्या एक प्राध्यापक मॅडम. म्हणाल्या, "राखून ठेवलेला नमुना आहे ना? मग रडताय कशाला? एचपीएलसीवर चालवा." कोरडी पावडर शुद्ध निघाली. तीच बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) 37 अंशांवर रात्रभर ठेवली, तर सकाळी एचपीएलसीच्या आलेखात मुख्य शिखराशेजारी नवं शिखर उभं. अॅस्परजिनमधला अमोनिया निघून जातो, पाणी शिरतं, वजन एकाने वाढतं. बनतो तो आयसोडीजीआर हा वेगळाच क्रम, आणि तो इंटेग्रिन या पेशींवरच्या दुसऱ्याच प्रथिनाला चिकटतो. म्हणजे प्रयोग होतो एकाचा आणि निष्कर्ष निघतो दुसऱ्याचा. इटलीच्या संशोधकांनी हे 2006 मध्येच छापलं होतं. त्या संस्थेत कुणी वाचलं नव्हतं.

म्हणून नव्या मुलांना सांगतो, सगळी कुपी एकदम विरघळवू नका. उणे 20 वरून काढलीत तर खोलीच्या तापमानाला आल्यावरच झाकण उघडा, नाहीतर पावडर ओल धरते. बफरमधलं द्रावण त्या दिवसापुरतंच करा.

बिल आजतागायत आलेलं नाही. मॅडम निवृत्त झाल्या, पण त्यांचे विद्यार्थी पहिला फोन आम्हालाच करतात.