पान दाखव

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि डोळ्यांपुढे शाळेच्या आधी आमच्या मराठीच्या बाईच आल्या. त्यांचं नाव सांगायला नको. त्या काळी शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की त्याच.

१९९३ साली मी नववीत होतो. जिल्ह्याच्या गावी रसग्रहण स्पर्धा होती. कादंबरी आधी कळवलेली, व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेल्या तरुण मास्तरची गोष्ट. प्रश्न मात्र आयत्या वेळी फळ्यावर लिहिणार आणि उत्तराला पाऊण तास. बाईंनी माझं नाव दिलं. वर्गात धनगराची पोरं आम्ही दोघंच, तीही वसतिगृहावरची. वडील दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडं उतरायचे. माडगूळकरांचा माणदेश म्हणजे आमचाच मुलूख. पुस्तक हातात पडलं तेव्हा वाटलं, हे तर आपल्या घरचंच, यात अभ्यास कसला करायचा?

शाळा सुटल्यावर मागच्या पडवीत सराव चाले. बाई गजराचं घड्याळ आणायच्या आणि माझ्यासमोर पालथं ठेवायच्या. पहिली पाच मिनिटं पेनाला हात लावायचा नाही. प्रश्न दोनदा वाचायचा, 'वर्णन करा' म्हटलंय की 'चर्चा करा' ते बघायचं, कोपऱ्यात पेन्सिलीनं तीन मुद्दे टिपायचे, मगच लिहायला घ्यायचं. शेवटची पाच मिनिटं वाचून बघायला.

पहिल्या दिवशी मी गोष्टच सांगत सुटलो. गजर झाला तेव्हा तालमीच्या भिंती उभ्या राहत होत्या. औंधचे राजे यायचे होते, दुष्काळ तर कुठल्या कुठं राहिला. बाई एवढंच म्हणाल्या, "गोष्ट परीक्षकांना ठाऊक आहे रे. तुला तीत काय दिसलं?"

दुसऱ्या दिवशी प्रश्न होता, वाडीचा शेवट अटळ वाटतो का? चर्चा करा. मी भरभरून लिहिलं. वाघुरीत, म्हणजे मेंढरांभोवतीच्या जाळीत, सकाळी मरून पडलेलं कोकरू, आटलेला आड, रिकाम्या दावणीशी बसलेली आजी. बाई एकेका वाक्याखाली पेन्सिलीनं बारीक रेघ ओढत गेल्या. "हे कुठं आहे? पान दाखव."

मी पानं उलटत राहिलो. नव्हतंच ते. ते आमच्या मेंढरांच्या वाड्यावरचं होतं, वडिलांच्या तोंडून ऐकलेलं, बहात्तरच्या दुष्काळातलं.

वाटलं, आता कागद फाडणार. बाईंनी त्याची घडी घातली आणि आपल्या वहीत ठेवला. "हे फार चांगलं आहे, पण हे तुझं आहे. हे वेगळं लिही, हवा तेवढा वेळ घे. आत्ता पुस्तकातलं बोल."

मग आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. राजाराम मास्तर येतो तेव्हा शाळेत पोरं नाहीत आणि शेवटी जातो तेव्हाही नाहीत. पण आधी पोरं नाहीत ती वाडीला शाळेचं काही वाटत नाही म्हणून, आणि शेवटी नाहीत ती वाडीत माणूसच उरलं नाही म्हणून. हा फरक मला अंधार पडता पडता सापडला. बाईंनी "हं" म्हटलं. त्यांच्या त्या एका हुंकाराइतकी मोठी शाबासकी मला पुढं कुणाकडून मिळाली नाही.

स्पर्धेत दुसरा आलो. आज वकिली करतो. युक्तिवादाच्या आदल्या रात्री अशिलाच्या कागदांतली पानं आधी खुणा घालून ठेवतो, मगच तोंड उघडायचं ठरवतो.

मध्यंतरी शाळेत येऊन गेलो. पडवी पाडून तिथं संगणक कक्ष झालाय. मुलांच्या हातात तयार उत्तरांची गाईडं दिसली. कादंबरी एकाच्याही हातात नव्हती. फार वाईट वाटलं.

वडील गेले, मेंढरंही विकली. बाईंनी वेगळं लिहायला सांगितलेलं तीस वर्षं राहून गेलं होतं. यंदा दिवाळीत सुरू केलं, बारा पानं झाली आहेत. बाईंना आता नीट दिसत नाही. महोत्सवाच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन मीच वाचून दाखवणार आहे.