संमेलनातली ठरावांची दुपार

आमच्या महिला मंडळाचे वार्षिक संमेलन संक्रांतीनंतरच्या रविवारी भरत असे. सकाळी हळदीकुंकू, मग अहवालवाचन, जमाखर्चाला मंजुरी, स्पर्धांची बक्षिसे आणि जेवणानंतर, अर्धे सभागृह पेंगत असताना, ठराव. संमेलनाची आठवण निघाली की बहुतेक मैत्रिणींना नाटुकली आणि फुगड्या आठवतात. मला मात्र ती दुपारच अधिक प्रिय आहे.

ठराव मांडण्याची रीत आमच्या चिटणीसबाईंनी कधी मोडू दिली नाही. सूचक उभी राहून मसुदा वाचत असे, अनुमोदक चार वाक्ये बोलत असे आणि मगच हात वर होत. फुलस्केप कागदांमध्ये कार्बन घालून प्रती काढल्या जात. एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक आमदारांना, एक मुख्यमंत्र्यांना आणि सगळ्यांत पुसट प्रत फायलीला. सह्यांचा कागद मात्र संमेलनात कधीच पुरा होत नसे. तो पुढे महिनाभर वाड्यांतून आणि नळावरच्या रांगांतून फिरे, आणि सोबत शाईचा पॅडही असे, कारण अंगठा उठवणारीला मागे ठेवायचे नाही, असा बाईंचा दंडकच होता.

'कागदाने काय होते?' असे कुणी विचारले की बाई १९२७ सालच्या जानेवारीत पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेची हकिगत सांगत. परिषद भरली होती मुलींच्या शिक्षणासाठी. पण लग्न लवकर लागते म्हणून शाळा सुटते, हे उघड दिसत असल्याने विवाहाच्या वयाचा प्रश्न टाळता येईना. पुढे परिषदेच्या शाखांनी सभा घेतल्या, निवेदने दिली, कायदेमंडळाच्या सभासदांच्या भेटी घेतल्या. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा शारदा कायदा संमत झाला. मुलींसाठी किमान वय सोळा असावे, अशी मागणी होती. पदरात चौदा पडले. बाई हे शेवटचे वाक्य मुद्दाम सांगत, आणि मला त्यांचा तो रोखठोकपणा फार आवडे.

१९८० सालचे संमेलन वेगळे झाले. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडले होते आणि कायद्याच्या चार प्राध्यापकांनी त्या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र सगळीकडे फिरत होते. एका वकील सभासदेने ते मोठ्याने वाचले, तेव्हा त्या दुपारी कुणीही पेंगले नाही. 'असले विषय हळदीकुंकवाला कशाला?' अशी कुजबुज झाली, तरी ठराव झाला. देशभर अशी असंख्य निवेदने गेली, मोर्चे निघाले, आणि १९८३ साली फौजदारी कायदा बदलला. कोठडीतील बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरला, अशा खटल्यात संमती नव्हती असे स्त्रीने सांगितल्यास न्यायालयाने ते गृहीत धरावे, अशी तरतूद आली आणि पीडितेचे नाव छापण्यास बंदी झाली. त्यात आमच्या कागदाचा वाटा किती, हे मोजण्याच्या फंदात मी पडत नाही.

दारूच्या दुकानाचा प्रश्न मात्र थेट दारातलाच होता. राज्याच्या नियमानुसार गावातील महिलांनी मागणी केली की दुकान ठेवायचे की बंद करायचे यावर गुप्त मतदान होते. ठेवायचे, या चिन्हात बाटली उभी; बंद करायचे, या चिन्हात आडवी. अट अशी की, झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. म्हणजे घरी बसलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्याच बाजूची! त्या वर्षीच्या संमेलनात भाषणे आखूड झाली आणि जेवणाच्या पंगतीतच मतदारयाद्या उलगडल्या गेल्या: माहेरी गेलेली कोण, ऊसतोडीला गेलेली कोण, कुणाला कधी निरोप धाडायचा. असे नियोजन मी एरवी फक्त लग्नघरातच पाहिले आहे.

अलीकडे फुगड्या कमी झाल्या आहेत आणि मसुदे मोबाइलवर येतात. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसे आवाहन केले. पुढच्या संमेलनात आमच्याकडे तो विषय निघाला, तेव्हा काही वडीलधाऱ्या सभासदांनी मान वळवली. एका तरुण सभासदेने मात्र विचारले की, परिपत्रक हे नुसते आवाहन आहे, तर मग कायदाच का मागू नये? मसुद्यात तसे वाक्य घातले गेले, सूचक तीच झाली, आणि अनुमोदन देण्यासाठी, कुंकू न लावता वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसणाऱ्या आमच्या माजी खजिनदार उभ्या राहिल्या.