छतातला दिवा आणि वाया गेलेला रविवार

जुनी गाडी म्हटलं की आतला डोम लाइट कधीतरी रुसतोच. माझ्याकडे दरवाजा उघडला तरी दिवा लागेना, मग मी आधी नवीन बल्ब घातला, तरी तेच, फ्यूज काढून पाहिला तर तो ठणठणीत, शेवटी वैतागून छताचं कापड सोडवायला घेणार तेवढ्यात सहज दिव्याचं बटण ऑनवर सरकवलं आणि दिवा मस्त लागला! म्हणजे बल्ब, फ्यूज, तिथवर येणारी वायर सगळं ठीक होतं आणि हे पहिल्याच मिनिटाला कळलं असतं, पण आपले हात आधी चालतात ना.

त्या बटणाला तीन जागा असतात, ऑन, डोअर आणि ऑफ. ऑनवर लागतो पण डोअरवर नाही, तर घोळ दरवाज्याच्या बाजूला. बऱ्याच गाड्यांत दिव्याला प्लस कायम मिळत असतो, चावी काढली तरी, आणि दरवाज्याच्या चौकटीतलं ते आतबाहेर होणारं बटण फक्त अर्थ (म्हणजे गाडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसकडे परतीची वाट) द्यायचं काम करतं. दरवाजा लावला की ते दाबलं जातं आणि अर्थ तुटतो, उघडला की बाहेर येतं आणि दिवा लागतो. (फोर्डच्या काही जुन्या गाड्यांत उलटं आहे, तिथे बटणातून प्लस जातो, त्यामुळे टेस्ट लॅम्प (वायर जोडलेला तपासणीचा छोटा दिवा) लावून बघितल्याशिवाय वायर बॉडीला टेकवू नका, फ्यूज उडेल.)

माझ्या गाडीत बाकीचे दरवाजे उघडले की दिवा लागत होता, फक्त ड्रायव्हरचा नाही. रोज सगळ्यात जास्त उघडतो तोच, मग झिजणार पण तोच. स्क्रू काढून बटण बाहेर ओढलं, वायरला आधी चिकटपट्टी लावून ठेवली कारण ती सुटून खांबाच्या आत गेली की बसा शोधत. वायर स्वच्छ पत्र्याला टेकवली तर दिवा लागला.

आता गंमत बघा, मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी बटणाच्या धातूला लावली तर बरोबर १२ व्होल्ट दाखवत होता, म्हणजे अर्थ चांगला असंच वाटणार. पण मीटर करंट जवळजवळ घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतं. ५ वॅटच्या बल्बला साधारण ०.४ अँपिअर लागतात, तेवढे त्या गंजातून जात नव्हते. त्याच जागी टेस्ट लॅम्प लावला तर नुसता मिणमिणला. अशा कामाला मला तरी टेस्ट लॅम्पच भरवशाचा वाटतो.

दुखणं स्क्रूखालच्या गंजात होतं, बटणाला अर्थ त्या स्क्रूमधूनच मिळतो. पॉलिश पेपरने भोक आणि स्क्रू घासले, थोडं व्हॅसलीन लावलं, झालं.

झालं कसलं! दरवाजा लावल्यावर दिवा विझतो का हे बाहेरून नीट दिसेना, म्हणून मोबाइलवर व्हिडिओ चालू करून सीटवर ठेवला आणि दरवाजा बंद केला. दिवा चालूच. इतके दिवस गंजामुळे हे लपलं होतं. असाच राहिला असता तर १० तासांत बॅटरीतले ४ अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) गेले असते, एका रात्रीत चांगली बॅटरी बसत नाही म्हणा, पण गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की संपलं. दरवाज्यावर जिथे बटण टेकतं तिथली रबराची गुंडी केव्हाच गळून पडली होती. जुन्या ट्यूबचा तुकडा दुहेरी करून चिकटवलाय, पुढच्या व्हिडिओत अंधार दिसला.