रेवदंड्याच्या किनाऱ्यावर सूर्य मोजताना : सागरी अ‍ॅस्ट्रोलेबच्या तिसऱ्या प्रतिकृतीची नोंद

सागरी अ‍ॅस्ट्रोलेबची, म्हणजे टांगून सूर्याची उंची मोजण्याच्या चक्राची, माझी तिसरी प्रतिकृती डिसेंबरात पुरी झाली, आणि २२ तारखेला रेवदंड्याच्या किल्ल्याच्या तटाखाली, समुद्राच्या बाजूला, तिच्यावर पहिले मोजमाप घेता आले. पंधराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीज खलाशी ज्या साधनांनी अक्षांश काढत होते, तीच साधने हाताने बनवून तोच अक्षांश कितपत अचूक निघतो हे पाहणे, एवढाच या उद्योगाचा हेतू आहे. जे स्वतः अशी यंत्रे बनवत आहेत त्यांना उपयोगी पडावे म्हणून ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंतचे काम येथे लिहीत आहे.

पहिल्या दोन प्रतिकृतींबद्दल थोडक्यातच सांगतो. पहिली वीस सेंटिमीटर व्यासाची, प्लायवूडची भरीव तबकडी होती. समुद्रावरचा वारा तिला असा फिरवीत होता, की एकाच दुपारच्या वाचनांमध्ये तीन अंशांपर्यंत फरक पडे. दुसरी त्याच मापाची, पण सहा मिलिमीटर जाडीच्या पितळेची केली. वारा आरपार जावा म्हणून तिच्यात चार खिडक्या कापल्या आणि वजन खाली राहावे म्हणून तळाचा भाग भरीव ठेवला. ती सुमारे एक किलो शंभर ग्रॅम भरली आणि अंगठ्यावर टांगल्यावर पुष्कळच स्थिर राहिली. जुन्या कारागिरांनीही हीच वाट चोखाळलेली दिसते. ओमानजवळ अल् हल्लानिया बेटापाशी १५०३ मध्ये विसेंत सोद्रे या पोर्तुगीज कप्तानाचे ‘एस्मेराल्दा’ हे जहाज बुडाले. त्याच्या अवशेषांत २०१४ मध्ये सापडलेले यंत्र पातळ, भरीव तबकडीचे आणि अवघे ३४४ ग्रॅम वजनाचे आहे, तर सोळाव्या शतकाच्या पुढच्या काळातली यंत्रे खिडक्या कापलेली, जाड आणि तळाशी जड आहेत. आपल्याकडे १३७० मध्ये महेंद्रसूरीने ज्याच्यावर ग्रंथ लिहिला तो ‘यंत्रराज’ म्हणजे ताऱ्यांच्या नकाशासह असलेला पूर्ण अ‍ॅस्ट्रोलेब. खलाशांनी त्यातले उंची मोजण्यापुरते अंग ठेवले आणि बाकीचे सारे काढून टाकले.

अडचण अशी, की दहा सेंटिमीटर त्रिज्येच्या कडेवर एक अंश म्हणजे जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. खुणा कितीही काळजीने कोरल्या तरी अर्ध्या अंशाच्या आत वाचण्याची खात्री देता येत नाही. येथे वास्को द गामाच्या पहिल्या सफरीतली एक हकीकत उपयोगी पडली. नोव्हेंबर १४९७ मध्ये आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, सेंट हेलेनाच्या उपसागरात पोचल्यावर, त्याने तीन वीत व्यासाचा लाकडी अ‍ॅस्ट्रोलेब जमिनीवर उतरवून तिकाटण्यावर टांगला आणि सूर्य मोजला, असे जुआंव द बार्रोश हा इतिहासकार सांगतो. डुलत्या जहाजावरच्या मापांवर त्याचा विश्वास नव्हता. त्या तीन विती म्हणजे साधारण ६६ सेंटिमीटर. एवढ्या चक्राच्या कडेवर एक अंश जवळपास सहा मिलिमीटरांचा होतो, आणि अर्धा मिलिमीटर वाचता आला तरी माप पाच कलांपर्यंत (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) जाते.

म्हणून तिसरे यंत्र त्याच मापाचे, सागाच्या जुन्या फळ्या जोडून केले. सुताराकडून फळ्या रंधून घेतल्या. अंशांच्या खुणा मात्र स्वतः केल्या, आणि त्यांनाच तीन आठवडे लागले. मधली फिरती पट्टी पितळेची आहे आणि तिच्या दोन्ही टोकांजवळ एकेक छिद्र असलेल्या उभ्या पाकळ्या आहेत. सूर्याकडे डोळा लावायचा नसतो. वरच्या छिद्रातून आलेला कवडसा खालच्या छिद्रावर बरोबर पडेपर्यंत पट्टी फिरवायची असते. शून्य मी माथ्याशी ठेवले आहे, त्यामुळे पट्टी थेट नतांश, म्हणजे खमध्यापासून सूर्याचे अंतर, दाखवते.

रेवदंड्याला २२ डिसेंबरला सूर्य मध्यावर येतो तो घड्याळात बारा वाजून ३६ मिनिटांच्या सुमारास. त्या वेळेच्या आसपास सूर्याचे चढणे थांबते आणि काही मिनिटे कवडसा जागचा हलत नाही, तेवढ्यात सात वाचने घेतली. त्यांची सरासरी ४२ अंश ५ कला आली. त्या दिवशी सूर्याची दक्षिण क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून दक्षिणेकडचे त्याचे कोनीय अंतर, २३ अंश २६ कला असते. ती वजा केली की अक्षांश १८ अंश ३९ कला निघतो. खरा अक्षांश १८ अंश ३३ कला आहे, म्हणजे चूक सहा कलांची, सुमारे अकरा किलोमीटरांची. लाकडाच्या चक्राकडून याहून अधिक काही मागू नये, असे मला वाटते. उत्सुकतेपोटी सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज वापरत ती २३ अंश ३३ कलांची परमक्रांती, म्हणजे वर्षातली सर्वांत मोठी क्रांती, घालून पाहिली, तर उत्तर १८ अंश ३२ कला आले. जुनी संख्या अधिक बरोबर होती असा याचा अर्थ नाही. माझी चूक आणि त्या संख्येतली चूक परस्परांना छेदून गेल्या, इतकेच.

अंशाची किंमत कोकणात राहणाऱ्याला नकाशाशिवाय कळते. रेवदंड्याहून एक अंश दक्षिणेला गेले की दाभोळची खाडी येते. ज्याच्या मापात एक अंशाची चूक आहे तो रेवदंड्यालगतच्या चौलला दाभोळ समजेल, आणि ही दोन्ही त्या काळातली मोठी व्यापारी बंदरे होती. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदाच्या आरमाराने दाभोळ जाळले, हे लक्षात ठेवूनच मी ही यंत्रे बनवतो. जे माप मिरी नेणाऱ्या जहाजाला वाट दाखवीत होते, तेच तोफा घेऊन येणाऱ्या जहाजालाही दाखवीत होते.

जानेवारीत पितळी यंत्र घेऊन एका मचव्यावरून कोर्लईपर्यंत गेलो. समुद्र शांत असूनही वाचनांत चार अंशांचा फरक पडला. त्या मापांची सविस्तर नोंद देण्यात अर्थ नाही. गामाने यंत्र किनाऱ्यावर का उतरवले, हे त्या एका तासात पुरते समजले.

मार्चमध्ये मात्र एक चूक झाली, आणि ती सविस्तर सांगितली पाहिजे, कारण कोणाच्याही हातून ती होऊ शकते. २० मार्चला मोठ्या यंत्रावर नतांश साडेअठरा आला. तो उत्तम होता. पण क्रांतीसाठी मी आजच्या पंचांगाऐवजी सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या एका कोष्टकाची नक्कल वापरली. त्यात २० मार्चला सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे साडेतीन अंश दाखवला होता. मी नियमाप्रमाणे तो मिळवला आणि अक्षांश बावीस आला, म्हणजे मी खंबायतच्या आखाताशी पोचलो. यंत्र दोन दिवस तपासत बसलो. दोष यंत्रात नव्हता, दिनदर्शिकेत होता. १५८२ च्या सुधारणेपूर्वीच्या जुलियन गणनेत वसंतसंपात, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेला येतो तो क्षण, ११ मार्चच्या सुमारास पडत असे, आणि संपाताजवळ सूर्याची क्रांती रोज जवळपास ०.४ अंशाने बदलते. नऊ दिवसांचा फरक म्हणजे साडेतीन अंश, हिशेब तंतोतंत जुळला.

या प्रसंगानंतर अब्राहाम झाकुतो या नावाकडे मी वेगळ्या आदराने पाहू लागलो. सालामांकाचा हा ज्यू ज्योतिषी १४९२ मध्ये स्पेनमधून ज्यूंची हकालपट्टी झाल्यावर पोर्तुगालमध्ये आला. त्याची कोष्टके १४९६ मध्ये लेइरिया येथे छापली गेली, आणि लवकरच त्याला तो देशही सोडावा लागला. ध्रुवतारा विषुववृत्ताच्या दक्षिणेस दिसत नाही, म्हणून आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालायचा तर सूर्यावरच विसंबावे लागे, आणि रोजच्या क्रांतीवाचून सूर्याची उंची निरुपयोगी ठरते. पितळेचे चक्र कोणताही चांगला कारागीर करून देईल. कोष्टक करायला झाकुतोच लागतो.

एप्रिलच्या रात्रींत कमाल वापरून पाहिला. अरबी समुद्रातल्या खलाशांचे हे साधन म्हणजे मधोमध दोरी ओवलेली एक फळी. दोरीची गाठ दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला लावायची. त्यांचे एकक ‘इस्बा’, म्हणजे बोट, आणि एक बोट सुमारे १ अंश ३६ कलांचे. माझी फळी दहा सेंटिमीटर उंचीची आहे. तिच्या दोरीला गोव्यासाठी ३६.७, दाभोळसाठी ३२.३, रेवदंड्यासाठी ३०.६ आणि वसईसाठी २९.४ सेंटिमीटरवर गाठी मारल्या. ठरलेली गाठ दातांत धरून जहाज उत्तर-दक्षिण सरकवत राहायचे, आणि ध्रुव फळीच्या कडेला टेकला की बंदराच्या दिशेने वळायचे. आकडा नाही, कोष्टक नाही. आज ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अंशाच्या दोनतृतीयांशाहूनही जवळ आहे. १५०० च्या सुमारास तो साडेतीन अंश दूर होता, म्हणून त्या काळी शेजारच्या ताऱ्यांची स्थिती पाहून दुरुस्ती करावी लागे. पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदी बंदरात गामाने आपला अ‍ॅस्ट्रोलेब दाखवला तेव्हा गुजराती नावाड्याला त्याचे फारसे नवल वाटले नाही, असे बार्रोश लिहितो. कमाल हातात घेतल्यावर ते मला पटते.

शेवटची नोंद होकायंत्राची, आणि या सगळ्या कामात मला सर्वांत प्रिय असलेल्या माणसाची. दों जुआंव द कास्त्रो, जो पुढे गोव्याचा गव्हर्नर झाला आणि १५४८ मध्ये तेथेच वारला, १५३८ च्या अखेरीस आरमाराबरोबर गोव्याहून दीवला निघाला. वाटेत त्याने बंदरांचे आराखडे काढले, घारापुरीची लेणी पाहून त्यांचे वर्णन लिहिले, आणि जागोजागी होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळते हे मोजले. त्याची रीत अशी होती : सकाळी आणि दुपारनंतर सूर्य समान उंचीवर असताना पडणाऱ्या दोन सावल्यांच्या मधली रेषा ती खरी उत्तर. आपल्या ज्योतिषग्रंथांतही शंकूच्या, म्हणजे उभ्या रोवलेल्या काठीच्या, सावलीने दिशा ठरवण्याची अशीच रीत आहे. मोझांबिकला त्याच्या ध्यानात आले होते की जवळचे लोखंड सुईला ओढते. २२ डिसेंबर १५३८ रोजी वसईच्या परिसरात सुई पुन्हा भलतीकडे वळली तेव्हा त्याने कारण खडकात शोधले, आणि ते बरोबर होते. आपल्या काळ्या कातळात लोहाची चुंबकीय खनिजे आहेत.

कोर्लईच्या डोंगरावर मी हेच करून पाहिले. या भागात आज सुईचे विचलन अंशापेक्षाही कमी आहे, त्यामुळे शंकूने काढलेली उत्तर आणि सुईची उत्तर एकच यायला हवी. तिकाटण्यावर, छातीच्या उंचीला, ती आली. तेच होकायंत्र उघड्या कातळावर ठेवले तेव्हा एका जागी सुई तीन अंश पूर्वेला गेली आणि तेथून चार पावलांवर दोन अंश पश्चिमेला. कास्त्रोच्या जागी दुसरा कोणी असता तर त्याने सुईला दोष देऊन माप टाकून दिले असते. त्याने ते लिहून ठेवले.

पुढचे मोजमाप १४ मेच्या सुमाराचे. त्या दिवशी रेवदंड्याला सूर्य थेट डोक्यावर येईल, सावली नाहीशी होईल आणि पट्टी जवळजवळ शून्यावर उभी राहील. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते, आणि क्रांतीतून नतांश वजा करण्याचा दुसरा नियम लागू होतो. पावसाळ्याचे ढग येण्यापूर्वी त्या नियमासाठी मला तीन आठवडे मिळतील. तोवर सागाच्या चक्राला तेलाचा आणखी एक हात द्यायचा आहे, कारण दमट हवेने खालच्या डाव्या चतुर्थांशातला एक सांधा उघडू लागला आहे.