दीपकाडी फुलली

२४ जून, रत्नागिरी

सकाळी चहाच्या आधीच परसातल्या गडग्याकडे, म्हणजे दगडी कुंपणाकडे गेलो. रात्रभर पाऊस कोसळला, पागोळ्या अजून गळत होत्या. काल दांड्यावर मिटलेली कळी आज उमललीय. पांढरंशुभ्र फूल, खाली लांबट नळी, पाकळ्यांची टोकं बाहेर वळलेली. एका पाकळीवर थेंब थांबला होता. मी तिथेच उकिडवा बसून राहिलो. चार पावसाळे वाट बघितली या फुलाची.

आईला हाक मारली. ती डोक्यावर पदर घेऊन आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अरे, ही तर आमच्या सड्यावरची! गुरांमागे जायचो तेव्हा दिसायची." सडा म्हणजे आमच्याकडचा सपाट कातळाचा माळ. तिला फुलाचं नाव ठाऊक नव्हतं. दीपकाडी म्हटल्यावर दोनदा स्वतःशीच म्हणून बघितलं.

ही अस्सल कोकणची. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५० मध्ये तिची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा नावातच कोकण घातलं. पूर्वी लिलीच्या कुळात धरायचे, आता शतावरीच्या कुळात धरतात. मला ती लिलीच वाटते. किनाऱ्यालगतच्या जांभ्याच्या सड्यांवर, कातळावरच्या जेमतेम मातीत तिचा कांदा वर्षातले कितीतरी महिने निजून असतो. मृगाचा पाऊस लागला की पातीसारखी पानं आणि मग दांडा.

मावशीच्या सड्याशेजारी चिरेखाण, म्हणजे जांभ्याचे चिरे काढायची खाण, सुरू होणार होती. त्याआधी तिथली सुकलेली बोंडं शोधून बी आणलं. कांदा मात्र एकही उपटला नाही. काळं, चपटं, कागदासारखं हलकं बी. अकरा पेरली, सात उगवली. मग माझं चुकलं. शेणखत घातलं, आणि पानं सुकायला लागली तशी तहानली असतील म्हणून थंडीभर पाणी घातलं. पाच कांदे कुजले. बोटाने उकरलं तर आत नुसता चिकट लगदा. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

उरलेले दोन गडग्याच्या कडेला, जांभ्याची खडी आणि लाल माती मिसळून लावले. दिवाळीनंतर थेंबभरही पाणी दिलं नाही. मे महिन्यात ती जागा इतकी तापायची की हात ठेववत नसे, आणि मला रोज धाकधूक.

सड्याला आपल्याकडे पडीक म्हणतात, जेसीबी लावून कातळ फोडतात, कलमं लावतात. पोट प्रत्येकाला आहे, ते कळतं. पण जिथे चिरा निघाला तिथे ही पुन्हा कुठून उगवणार? परसात दोन कांदे जगले म्हणजे सडा वाचला असं नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. बोंडं धरली तर अर्धं बी मावशीच्या राहिलेल्या तुकड्यावर टाकून येणार.

संध्याकाळी बघतो तर कोंबड्या उकरतील म्हणून आईने दोन चिरे आणून फुलाभोवती उभे केलेत.