दोरीवरचं फडकं
आज आत्तीला घेऊन खानापूरहून बेळगावला दवाखान्यात जाऊन आले, आत्ताच पोचलोय घरी. आत्तीचं वय 61, पाळी जाऊन दहा वर्षं झाली आणि चार महिन्यांपासून अंगावरून थोडं थोडं लाल जायलंय, पण कुणाला बोलली नाही, उष्णता झाली म्हणून सब्जा भिजवून पीत बसली. मला कळलं ते दोरीवर टॉवेलाखाली लपवून वाळत घातलेल्या फडक्यामुळं. जीव गलबलला बघून.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पाळी कायमची गेल्यावर एक डाग जरी दिसला तरी तपासायचंच, बऱ्याचदा कॅन्सर नसतो पण गर्भाशयाच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरची पहिली खूण बहुतेक हीच असते. सोनोग्राफीत अस्तर 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसलं की तुकडा काढून बायोप्सीला पाठवतात, आत्तीचं 11 आलं. वजन जास्त असलं, शुगर असली की धोका वाढतो. आणि पॅप स्मिअर नॉर्मल आलं म्हणून गप्प बसू नका गं, ती टेस्ट गर्भाशयाच्या तोंडाची, हा कॅन्सर आतला. लवकर सापडला तर बहुतेक वेळा पिशवी काढून बरं होतंय.

येताना बसमध्ये आत्ती माझा हात धरून म्हणाली, "तुझ्या आईला पण विचार की एकदा."

रिपोर्ट आठ दिवसांनी.