आइस्क्रीम सँडविच, तिन्ही थर घरचे: माझा अनुभव

आइस्क्रीम सँडविच घरी करायचं म्हणजे तीन पदार्थ करायचे: कुकी, आइस्क्रीम आणि मधून पट्टे ओढायला कॅरॅमल. भाचीने वाढदिवसाला केकऐवजी हेच मागितलं आणि मी तिन्ही घरीच करायचं ठरवलं. हे पदार्थ मी सुटे सुटे पुष्कळदा केले आहेत. पण एकमेकांना खेटून फ्रीझरमध्ये बसले की त्यांचं वागणं बदलतं. एरवी छान लागणारी कुकी थंडीत इतकी टणक होते की चावा घेताच मधलं आइस्क्रीम बाजूंनी बाहेर येतं. खोलीत वाहणारं कॅरॅमल फ्रीझरमध्ये चिवट गोळा होतं. आणि आइस्क्रीममध्ये बर्फाचे कण दाताखाली आले तर बाकी सगळ्या मेहनतीचं चीज होत नाही.

म्हणून मी तिन्ही कृतींकडे एकाच प्रश्नाने बघितलं: यात पाणी किती आहे आणि त्याचं काय करायचं आहे? कॅरॅमलमध्ये ते उकळून घालवायचं असतं, कुकीत थोडं राखायचं असतं आणि आइस्क्रीममध्ये ते शक्य तितक्या बारीक कणांत गोठवायचं असतं. एवढं मनात पक्कं ठेवलं की कृतीतली प्रत्येक पायरी का आहे ते कळतं, आणि कुठे हात सैल सोडला तरी चालेल हेही कळतं.

सुरुवात आइस्क्रीमच्या मिश्रणापासून केली, कारण त्याला मुरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. येणाऱ्यांपैकी काही जण अंडं खात नाहीत, त्यामुळे अंड्याच्या बलकाऐवजी कॉर्नफ्लोअर घेतलं. माझं प्रमाण असं: अर्धा लिटर सायीसकट दूध, २५० मिली क्रीम (३५ टक्के स्निग्धांशाचं), १४० ग्रॅम साखर, ३५ ग्रॅम दूध पावडर, १५ ग्रॅम कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि शेवटी व्हॅनिला. यातली एकही वस्तू नुसत्या चवीसाठी नाही. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली ओढते, म्हणून हे मिश्रण शून्याला नाही तर साधारण उणे अडीच-तीन अंशांच्या आसपास गोठायला लागतं, आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्येही त्यातलं थोडं पाणी द्रवरूपातच राहतं. आइस्क्रीममध्ये चमचा शिरतो तो त्या न गोठलेल्या पाण्यामुळे. 'डाएटसाठी' म्हणून साखर निम्मी करणाऱ्यांच्या हाती गोड बर्फाची वीट येते, ती यामुळेच. दूध पावडर पाणी धरून ठेवते आणि कॉर्नफ्लोअर मिश्रणाला दाटपणा देतं, म्हणजे बर्फाच्या कणांना वाढायला मोकळं रान मिळत नाही.

कॉर्नफ्लोअर वाटीभर गार दुधात कालवून घेतलं. उरलेलं दूध, साखर आणि दूध पावडर गरम झाल्यावर ते त्यात घातलं आणि ढवळत उकळी आणली. उकळी आल्यावर आणखी दीड-दोन मिनिटं शिजवलंच पाहिजे, नाहीतर पिठाची कच्ची चव शेवटपर्यंत राहते. मग गॅस बंद करून क्रीम आणि व्हॅनिला घातलं, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून भरभर गार केलं आणि झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं. हा मुरवण्याचा वेळ कुणी वाचवू नये असं मला मनापासून वाटतं. त्या तासांत क्रीममधला स्निग्धांश घट्ट होतो, दुधातली प्रथिनं पाणी शोषतात आणि फेटताना मिश्रणात हवा चांगली टिकते. चाखताना एक गोष्ट ध्यानात ठेवायची: जीभ थंड पडली की गोडी कमी कळते. कोमट मिश्रण जरा जास्तच गोड लागलं तर ते बरोबर आहे.

त्याच संध्याकाळी कॅरॅमल. तिन्हींत मला हे काम सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात जास्त लक्षही हेच मागतं. आधी थर्मामीटर तपासून घेतला: उकळत्या पाण्यात १०० आणि बर्फाच्या पाण्यात शून्य दाखवायला हवा. तुम्ही उंचावर राहत असाल तर पाणी आधीच उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक अंश लवकर. तेव्हा तुमच्याकडे उकळतं पाणी ९८ दाखवत असेल तर कृतीतल्या आकड्यातूनही दोन अंश वजा करायचे. साखरेचा पाक उकळताना जसजसं पाणी उडतं तसतसं त्याचं तापमान चढतं. म्हणजे थर्मामीटर तापमान दाखवतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो आत पाणी किती उरलं ते सांगत असतो. पाकाची गोळी वळते तेव्हा, म्हणजे ११२ ते १२० अंशांच्या दरम्यान, त्यात जेमतेम १३ ते १५ टक्के पाणी असतं.

जाड बुडाच्या, गरजेपेक्षा बऱ्याच मोठ्या पातेल्यात ३०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज आणि साखर भिजेल इतकं पाणी घेतलं. ग्लुकोज घालायचं कारण म्हणजे नुसत्या साखरेचे रेणू पुन्हा एकत्र येऊन दाणे धरायला बघतात आणि ग्लुकोज त्यांच्या मधे येतं. ग्लुकोज नसेल तर लिंबाच्या रसाचे काही थेंबही चालतात. आम्लामुळे थोडी साखर फुटून तेच काम होतं. साखर विरघळेपर्यंत ढवळायचं, उकळी आली की चमचा बाजूला ठेवायचा. कडेला उडालेले साखरेचे कण ओल्या ब्रशने पुसून खाली ढकलायचे, कारण असा एक दाणा पाकात पडला तरी सगळं पातेलं रवाळ होऊ शकतं.

आता इथे जवळून बघण्यासारखं आहे. बराच वेळ काहीच घडत नाही. बुडबुडे आधी लहान आणि भराभर येतात, मग मोठे, जड आणि सावकाश होतात. १५५ अंशांच्या पुढे कडेच्या एका बाजूला फिकट पिवळी छटा येते. पातेलं उचलून हलकेच गोल फिरवलं की ती छटा सगळीकडे पसरते. तिथून पुढे रंग मधासारखा सोनेरी, मग तांबूस होतो आणि वासही बदलतो. नुसता गोड वास जाऊन त्यात जरा भाजका, किंचित कडसर वास मिसळतो. १७० च्या आसपास, पहिला धूर दिसायच्या आत, मी गॅस बंद केला. वहिनी शेजारी गरम केलेलं क्रीम घेऊन उभी होती. "ताई, आता ओतू?" तिने विचारलं तेव्हा रंग अगदी हवा तसा होता. क्रीम थोडं थोडं ओतायचं, आणि गरमच ओतायचं. गार क्रीमने पाक गोळा होऊन बसतो. ओतताच सगळं फसफसून वर येतं, मोठं पातेलं घ्यायचं ते यासाठी. लांब दांड्याचा चमचा, पूर्ण बाह्या आणि शेजारी गार पाण्याचं भांडं, या तिन्ही गोष्टींशिवाय मी हे काम करत नाही आणि लहान मुलांना त्या वेळी स्वयंपाकघरात येऊ देत नाही. पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यापेक्षा वाईट, कारण तो जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून राहतो.

सगळं मिळून २४० मिली क्रीम आणि १०० ग्रॅम लोणी गेलं. क्रीममुळे तापमान धाडकन खाली येतं आणि मग पुन्हा चढवावं लागतं. या दोन चढणींची कामं वेगवेगळी आहेत, हे समजल्यापासून मला कॅरॅमलची भीती उरली नाही. पहिल्या चढणीत चव आणि रंग ठरतो, दुसरीत घट्टपणा. दुसऱ्या वेळी १०८ अंशांना निम्मं मिश्रण बाहेर काढलं, त्यात आणखी दोन-तीन चमचे क्रीम आणि मीठ घातलं. हे आइस्क्रीममध्ये घालायचं सॉस, जास्तीचं पाणी मुद्दाम ठेवलेलं, म्हणजे फ्रीझरमध्येही ते मऊ राहतं. उरलेलं पातेल्यातच ११८ पर्यंत नेलं, गार पाण्यात थेंब टाकून मऊ पण आकार धरणारी गोळी होते का ते पाहिलं आणि बटर पेपर लावलेल्या ट्रेमध्ये ओतलं. त्याच्या चौकोनी वड्या पाडल्या. वड्या पाडल्या की लगेच कागदात गुंडाळायच्या. साखर हवेतला ओलावा ओढते आणि उघड्या वड्या बघता बघता चिकट होतात.

कुकीचं काम त्यामानाने सरळ. ११५ ग्रॅम मऊ पण न वितळलेलं लोणी, १०० ग्रॅम ब्राउन शुगर आणि ४० ग्रॅम पांढरी साखर फेटून घेतली. लोणी १८ ते २० अंशांचं असलं की साखरेचे दाणे त्यात हवा कोंडतात. वितळलेल्या लोण्यात हवा राहत नाही. त्यात अंड्याऐवजी तीन चमचे दूध, मग १६० ग्रॅम मैदा, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा, मीठ आणि चॉकलेट. ब्राउन शुगर जास्त घेतली, कारण तिच्यातल्या मळीमुळे ओलावा टिकतो आणि कुकी थंडीतही वाकते. चॉकलेट मात्र मोठ्या तुकड्यांत घालायचं नाही. गारठलेल्या तोंडात कोकोआ बटर पटकन वितळत नाही, तुकडा मेणासारखा लागतो. मी ते सुरीने अगदी बारीक चिरलं.

पिठाचा दंडगोल वळून फ्रीजमध्ये घट्ट केला आणि पाच मिलिमीटर जाडीच्या चकत्या कापल्या. गार पीठ ओव्हनमध्ये कमी पसरतं आणि तेवढ्या वेळात मैदाही नीट भिजतो. १७० अंशांना नऊ-दहा मिनिटं. कडा जेमतेम सोनेरी आणि मधला भाग अजून मऊ असतानाच ट्रे बाहेर काढला. तापलेल्या ट्रेवर त्या आणखी पाच मिनिटं शिजतच असतात. गरम आहेत तोवर गोल साच्याने कडा सारख्या करून घेतल्या. निघालेला चुरा भाचीने आणि तिच्या मैत्रिणीने संपवला. कच्चं पीठ चाटायची परवानगी मात्र मी कुणालाच देत नाही. अंडं नसलं तरी कच्चा मैदाही न शिजवता खाण्यासारखा नसतो.

आइस्क्रीम फिरवायचं यंत्र माझ्याकडे नाही. १८४३ साली अमेरिकेत नॅन्सी जॉन्सन यांनी हाताने फिरवायच्या आइस्क्रीम यंत्राचं पेटंट घेतलं. बाहेर बर्फ आणि मीठ, आत धातूचं भांडं आणि त्यात फिरणारं पातं, ही जुनी रीत घरी दोन पातेल्यांत सहज होते. मोठ्या पातेल्यात तीन भाग कुटलेला बर्फ आणि एक भाग जाडं मीठ, मध्ये स्टीलचं उंच भांडं. मिठाने बर्फ वितळतो, वितळायला लागणारी उष्णता तो आतल्या भांड्यातून ओढून घेतो आणि खारं मिश्रण शून्याच्या पुष्कळ खाली जातं. तत्त्वतः ते उणे २१ पर्यंत जाऊ शकतं. आतल्या भांड्याचा काठ बर्फाच्या पातळीपेक्षा चांगला चार बोटं वर हवा, एक चमचा खारं पाणी आत गेलं तर सगळं मिश्रण वाया.

रात्रभर मुरलेलं मिश्रण ओतलं आणि हँड मिक्सर मंद वेगावर सुरू केला. प्रथम भांड्याच्या कडेला पातळ गोठलेला पापुद्रा धरतो. तो धरला की लगेच रबरी उलथन्याने खरवडून मध्ये आणायचा, पुन्हा फेटायचं, पुन्हा खरवडायचं. बर्फाचे कण वाढायच्या आत मोडत राहायचे एवढंच काम, पण ते न थांबता करायचं. भाची आणि मी आळीपाळीने उभ्या होतो. "आत्या, जड लागतंय," ती म्हणाली तेव्हा बघितलं, तर मिक्सरच्या पात्यांमागे उमटलेल्या रेघा बुजत नव्हत्या. आतलं तापमान उणे पाच होतं. याच्यापुढे घरच्या मिक्सरला ते झेपत नाही. लगेच आधीच गार केलेल्या उथळ ट्रेमध्ये निम्मं आइस्क्रीम पसरलं, त्यावर गार कॅरॅमलच्या रेघा, वर उरलेलं आइस्क्रीम, आणि सुरीचं टोक आडवंउभं एकदाच फिरवलं. जास्त ढवळलं की पट्टे दिसत नाहीत. थराची जाडी दोन सेंटिमीटर. वरून कागद अगदी टेकवून लावला आणि ट्रे फ्रीझरच्या तळाशी मागे सरकवला. दाराजवळ कधी ठेवू नये. दार उघडलं की वरचा थर जरा वितळतो, पुन्हा गोठतो, आणि प्रत्येक वेळी कण मोठे होत जातात.

जोडणी झटपट उरकली. कुकीही आधी फ्रीझरमध्ये गार करून घेतल्या, नाहीतर आइस्क्रीम टेकताच वितळतं. साचा गरम पाण्यात बुडवून पुसला, आइस्क्रीमच्या चकत्या कापल्या, दोन कुकींमध्ये दाबल्या आणि एकेक सँडविच कागदात गुंडाळून पुन्हा आत.

ताज्या जोडलेल्या सँडविचमध्ये कुकी जरा वेगळी, परकी लागते. रात्रभरात आइस्क्रीममधला थोडा ओलावा तिच्यात उतरतो आणि दोन्ही एकत्र चावली जातात. म्हणून समारंभाच्या आदल्या दिवशी जोडणं उत्तम. बाहेर काढल्यावर पाच-सात मिनिटं थांबून मग द्यायचं. आठवडाभर ते छान टिकतात. त्यानंतर कॅरॅमल शेजारचं पाणी ओढून पातळ व्हायला लागतं आणि पट्ट्यांच्या कडा पुसट होतात. वड्या मात्र हवाबंद डब्यात दोन आठवडे चांगल्या राहतात, त्यामुळे वेळ कमी असेल तर कॅरॅमल आधीच्या आठवड्यात करून ठेवा आणि आइस्क्रीम शेवटच्या दोन दिवसांत.